पाच जणांची टीम, कापसाचा हंगाम आणि न संपणारे स्प्रिंट

प्रश्न दर्यापूरहून आला आहे. पाच जणांची टीम, त्यातले दोघं नुकतेच डिप्लोमा करून आलेले. काम जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या) आणि पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं. सहा महिन्यांपूर्वी व्हिडिओ बघून स्क्रम सुरू केलं, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम ठराविक मुदतीच्या टप्प्यांत करायची पद्धत, दोन-दोन आठवड्यांचे टप्पे म्हणजे स्प्रिंट लावले, आणि आजवरच्या बारापैकी एकही ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला नाही. सकाळची उभ्याने व्हायची मीटिंग आता नुसती हजेरी झाली आहे. विचारलंय असं की भाऊ, आमचं चुकतं कुठे, स्क्रम मास्टरचं (टीमला ही पद्धत शिकवून राबवणाऱ्याचं) सर्टिफिकेट करून घेऊ का, आणि कामांची नोंद ठेवायला जिरा हे सॉफ्टवेअर घ्यावं की एक्सेलवर भागवावं.

मी पुण्यात नऊ वर्षं काढून २०१४ साली पांढरकवड्याला परत आलो. तेव्हापासून धंदा तुमच्यासारखाच: जिनिंग, कृषी सेवा केंद्रं, दोन-चार पतसंस्था. पुण्याच्या कंपनीतून येताना मी स्क्रम जसंच्या तसं उचलून आणलं होतं. ते इथे एक हंगामही टिकलं नाही. तेव्हा तुमच्या बारा स्प्रिंटांचं मला नवल वाटलं नाही.

आधी तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्हालाच परत दाखवतो. तुम्ही लिहिलंय, 'स्प्रिंटच्या मधातच मुनीमजीचा फोन येतो आणि सगळं बाजूला ठेवावं लागतं.' तुमचं उत्तर त्यातच आहे. स्प्रिंट म्हणजे काय, तर ठराविक दिवस टीमला ठरवलेल्या कामावर शांतपणे राहू देणं. तुमच्याकडे निम्मं काम फोनवरून येतं. ज्या टीमने एकाच वेळी नवीन बनवायचं आणि जुनं सांभाळायचंही आहे, तिला दोन आठवड्यांचं कुलूप लावता येत नाही. मुलांचं काही चुकत नाही. कुलूपच चुकीच्या दाराला आहे.

याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्यापासून फार लांबचा नाही. पांढरकवड्याहून ४४ नंबरचा हायवे सरळ खाली हैदराबादला जातो. तिथे २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणारी एक छोटी टीम होती: तीन डेव्हलपर, तीन टेस्टर. मागणी आल्यापासून ती पूर्ण व्हायला सरासरी पाच महिने लागत. सॉफ्टवेअर व्यवस्थापनाचे जाणकार डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने त्या टीमने दोन मुख्य गोष्टी केल्या. प्रत्येक मागणीचा अंदाज काढत बसणं बंद केलं, कारण त्यातच ताकदीचा जवळपास तिसरा हिस्सा जात होता. आणि एका वेळी किती कामं हातात घ्यायची यावर मर्यादा घातली. नऊ-दहा महिन्यांत तो काळ दोन आठवड्यांच्या आसपास आला. आज सॉफ्टवेअरवाले ज्याला कानबान म्हणतात त्याची सुरुवात बरीचशी या कामातून झाली. मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातली, ताइची ओहनो यांची.

तुमच्या आकड्यांवर करून बघा. तुम्ही पाठवलेल्या एक्सेलमध्ये 'चालू आहे' या रकान्यात २३ कामं दिसतात. महिन्याभराची सरासरी बघितली तर आठवड्याला सहा पूर्ण होतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: हातातली कामं भागिले पूर्ण होण्याचा वेग म्हणजे एक काम सरासरी किती दिवस अडकून राहतं ते. २३ भागिले ६, म्हणजे जवळपास चार आठवडे. तेच आठ कामं हातात ठेवली आणि वेग तोच राहिला तरी सव्वा-दीड आठवडा. कोणी जास्त राबलं नाही, रात्र काढली नाही. मुनीमजीला महिन्याऐवजी नऊ-दहा दिवसांत उत्तर मिळालं, एवढाच फरक. आणि तेवढा फरक पडला की त्याचे 'झालं का?' विचारणारे फोन निम्म्यावर येतात, त्यामुळे वेगही थोडा वाढतो.

म्हणून पहिलं काम हे करा. भिंतीवर पांढरा बोर्ड लावा, चार रकाने आखा: घ्यायचं आहे, चालू, तपासणी, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. 'चालू'त जास्तीत जास्त पाच, 'तपासणी'त तीन. त्याच्या वर कार्ड लावायचंच नाही. सहावं काम घ्यायचं तर आधी एक पुढे सरकवा. पहिल्या आठवड्यात मुलं कुरकुरतील की आम्ही रिकामे बसलो. बसू द्या, किंवा अडकलेल्याच्या शेजारी बसवा. आमच्याकडे हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले, कारण हातात काम नसणं म्हणजे आळस, असं आपल्या घरांतून शिकवलेलं असतं.

आता फोनचं. आमच्याकडे रोज एक जण 'फोनवाला' असतो, पाळीपाळीने. त्या दिवशी त्याच्याकडे बोर्डावरचं काम नाही. फोन घ्यायचा, ऐकायचं, लिहायचं, दहा मिनिटांत होण्यासारखं असेल तर करून टाकायचं. बाकी चौघांचे मोबाईल ग्राहकांसाठी बंद. ग्राहकांना हे पटवायला त्रास झाला. एका शेठजींनी तर 'मले त्याच पोराशी बोलाचं हाय' म्हणून तीन दिवस रुसवा धरला. पण चौथ्या दिवशी त्यांचं काम दुसऱ्याने केलं आणि विषय मिटला.

आणि तातडी कशाला म्हणायचं? ग्राहकाच्या लेखी सगळंच अर्जंट असतं. आम्ही एकच प्रश्न ठरवला आहे: गाडी काट्यावर उभी आहे का? जिनिंगच्या काट्यावर कापसाची गाडी उभी आहे आणि काटापट्टी (वजनाची पावती) निघत नाही, तर बोर्ड बाजूला ठेवा, सगळे त्याच्यावर. पतसंस्थेत हाच प्रश्न 'काउंटरवर खातेदार उभा आहे का?' असा होतो. उत्तर नाही असेल तर कार्ड रांगेत लागतं. तातडीचं कार्ड लाल आणि बोर्डावर एका वेळी एकच.

हा प्रश्न आम्ही फुकट शिकलो नाही. परत आल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात, नोव्हेंबरच्या मधात, 'स्प्रिंट संपला म्हणजे रिलीज झालाच पाहिजे' या पुण्याहून अंगात राहिलेल्या सवयीने मी एका जिनिंगमध्ये नवी आवृत्ती चढवली. ओलाव्याच्या कपातीचा हिशेब होता. कापसात आठ टक्क्यांपर्यंत ओलावा धरून भाव, त्याच्या वर बारापर्यंत कपात, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या पोराने ओलाव्याचा आकडा पूर्णांकात घेतला. ८.४ चे आठ झाले, ८.६ चे नऊ. काही कास्तकारांना कपातच लागली नाही, काहींना जास्त लागली. दुपारी चारला एकाने आपली पट्टी शेजाऱ्याच्या पट्टीशी ताडून बघितली आणि फाटकावर गलका झाला. बाहेर गाड्यांची रांग, काही रात्रीपासून आलेल्या. मी स्वतः काट्यावर उभा राहून कॅल्क्युलेटरवर पट्ट्या लिहून दिल्या, रात्री साडेनऊपर्यंत. चूक पोराची कमी होती. ऐन हंगामात चालत्या काट्याला हात लावायचा निर्णय माझा होता.

त्यानंतर आमचं कॅलेंडर बदललं. जिनिंगचं सॉफ्टवेअर दसऱ्याला गोठतं आणि मार्चपर्यंत त्यात नवीन काही जात नाही, फक्त दुरुस्ती. नवं बनवायचं ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, आणि पोळ्यापर्यंत ते जिनिंगच्या मशीनवर जुन्या हंगामाच्या डेट्यावर चाललेलं असलं पाहिजे. पतसंस्थांचं उलट: मार्च अखेरीला हात लावायचा नाही आणि सप्टेंबरमध्येही जपून, कारण ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते आणि सगळे अहवालांच्या मागे असतात. त्यामुळे हिवाळ्यात जिनिंग गोठलेलं असताना आम्ही पतसंस्थेचं नवं काम करतो. दोन्ही ग्राहक तुमच्याकडे आहेत, हे तुमचं नशीबच समजा.

अपवाद एकच, कायदा. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हा हंगाम नव्हता, वेळ मिळाला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरच्या मधात कास्तकाराकडून घेतलेला कापूस रिव्हर्स चार्जमध्ये आला, म्हणजे कर विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा, तोही हंगाम भरात असताना. तेव्हा गोठवलेलं मोडावं लागलं. मोडलं, पण एका जिनिंगला आधी, तीन दिवस नजर ठेवून मग बाकीच्यांना.

स्प्रिंट पूर्ण टाकून द्यायचे का? मी आठवड्याचा ठेका ठेवला आहे, पण त्यात 'एवढं करूच' असं वचन नसतं. तसं ते मूळ स्क्रममध्येही आता नाही, बरं का. स्क्रमच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतच 'वचन' हा शब्द जाऊन 'अंदाज' आला. स्क्रमचे कर्ते केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांची ती मार्गदर्शिका पंधरा पानांच्या आत संपते; व्हिडिओ बघण्याऐवजी एक रविवार देऊन ती वाचा. स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठं याचे अंदाजाने दिलेले गुण, त्यात सापडणार नाहीत. सकाळच्या मीटिंगचे ते तीन प्रश्न, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, तेही २०२० च्या आवृत्तीतून काढले गेले. महिन्याच्या स्प्रिंटसाठी नियोजनाला जास्तीत जास्त आठ तास, आढाव्याला चार, मागे वळून बघायच्या बैठकीला तीन, अशा वरच्या मर्यादा आहेत. स्प्रिंट छोटा तर वेळ कमी. तुमच्या पत्राप्रमाणे तुम्ही दर दोन आठवड्यांना एक अख्खा दिवस नुसत्या पॉइंटांवर घालवता. पाच माणसांचा एक दिवस! तो वाचवा आणि कार्डं मोजा. कार्ड तीन दिवसांपेक्षा मोठं वाटलं तर तोडा, बस.

त्याच मार्गदर्शिकेत असंही स्पष्ट लिहिलंय की स्क्रमचे काही भागच घेतले तर ते स्क्रम नव्हे. खरं आहे. मग तुमच्या पद्धतीला स्क्रम म्हणू नका. ग्राहकाला काही फरक पडत नाही.

सकाळच्या मीटिंगची हजेरी का झाली, याचं कारण मला तुमच्या फोटोत दिसलं. तुम्ही खुर्चीत, बाकी चौघं तुमच्यासमोर उभे. प्रत्येक जण तुम्हाला हिशेब देतोय. बोर्डासमोर उभे राहा, तुम्हीसुद्धा, आणि माणसांऐवजी कार्डांविषयी बोला: उजवीकडून सुरू करा, 'झालं'च्या सगळ्यात जवळचं कार्ड आज पुढे सरकायला काय लागेल? दहा मिनिटांत संपतं. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत निम्मी टीम वावरात असते, तेव्हा आम्ही ही मीटिंग घेतच नाही. जो आला तो बोर्ड बघतो. सोंगणीला, वेचणीला, पोळा-तान्ह्या पोळ्याला कोण नसणार हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभर आधी पेन्सिलीने लिहून ठेवा. लपूनछपून आजारी पडण्यापेक्षा ते बरं.

ग्राहकाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. पुस्तकात प्रॉडक्ट ओनर नावाचा, काय आधी बनवायचं ते ठरवणारा, एक माणूस असतो. आपल्याकडे पैसे शेठ देतात, मागण्या मुनीमजी सांगतात आणि सॉफ्टवेअर चालवतो काट्यावरचा पोरगा, ज्याला कोणी विचारत नाही. ओनर तुम्हालाच व्हावं लागेल, आणि कोड लिहीत असाल तरी होता येतं, नियम आडवा येत नाही. मात्र दाखवायचं काट्यावरच्या पोराला. शेठच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर लावून केलेल्या डेमोत सगळं 'बढिया' असतं. एकदा काट्याच्या खोलीत तासभर बसून बघा. आमच्या पडद्यावर वजनानंतर गाडी नंबर यायचा. त्या पोराच्या एका हातात ओलाव्याचं मीटर, दुसऱ्या हाताने टायपिंग, आणि तो गाडी आत येतानाच नंबर बघून घ्यायचा. रकान्यांचा क्रम बदलला, अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी तो दोन वर्षं मनात आम्हाला शिव्या देत होता. आणि डेमो त्यांच्याच डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर करा, कार्बनच्या कागदावर. लॅपटॉपवर सुंदर दिसणारी पट्टी तिथे अर्धी कापून निघते.

यावरून आमची 'झालं'ची व्याख्या ठरली. 'झालंच समजा भाऊ, फक्त टेस्टिंग राह्यलं' हे वाक्य आमच्या ऑफिसात चालत नाही. पट्टी त्यांच्या प्रिंटरवर निघाली, ज्याने मागितलं त्याने पाहिली, आणि जुन्या आवृत्तीवर परत कसं जायचं हे कार्डाच्या मागे लिहिलं, तर झालं. कार्डावरची भाषाही त्यांचीच ठेवा. 'एक वापरकर्ता म्हणून मला अमुक हवं आहे' असली वाक्यं कोणी मुनीम बोलत नाही. 'ओलावा आठच्या वर गेला की कपात आपोआप लागत नाही' असं तो बोलला, तर तसंच लिहा.

एका बाबतीत मी ॲजाइलवाल्यांच्या, म्हणजे स्क्रमसारख्या पद्धती मानणाऱ्यांच्या, विरुद्ध दिशेला गेलो आहे. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी तो प्रसिद्ध जाहीरनामा लिहिला: ढीगभर कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकासोबत मिळून काम करणं मोलाचं. ते लोक कागदांच्या ओझ्याखाली दबलेल्या जगातून आले होते. आपल्याकडे कागदच नाही! करार तोंडी, बदल व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर, आणि बिलाच्या वेळी 'हे तर पहिल्यापासून ठरलं होतं'. तेव्हा आम्ही उलट लिहिणं वाढवलं. प्रत्येक बोलण्यानंतर दोन ओळींचा मेसेज परत पाठवायचा: आज हे ठरलं, यात हे धरलेलं नाही. देखभालीच्या वार्षिक करारात वर्षाला किती बदल मोफत, तेही आकड्यात लिहा. जाहीरनाम्यातही शेवटी म्हटलंच आहे की उजवीकडच्या गोष्टींनाही, म्हणजे कागदपत्रं आणि करार यांनाही, किंमत आहे. ती ओळ लोक वाचत नाहीत.

माणसं जाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. तुमच्या टीममधला सगळ्यात हुशार पोरगा वर्ष-दीड वर्षात नागपूरला किंवा हिंजवडीला जाईल. जाऊ द्या, मीही गेलोच होतो. प्रश्न त्याच्या डोक्यातल्या व्याजाच्या हिशेबाचा आहे. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कामाच्या पद्धतीतली जोडीने कोड लिहिण्याची पद्धत छोट्या टीमला परवडत नाही असं सगळे म्हणतात. माझ्या मते छोट्याच टीमला तिची गरज जास्त. दिवसभर नको, सकाळचे दोन तास, लाईट भरवशाची असते तेव्हा, एक जुना आणि एक नवा एकाच मशीनवर, कीबोर्ड नव्याच्या हातात. एक पोरगा गेला तेव्हा आमची मुदत ठेवींची पूर्ण बाजू फक्त त्यालाच कळत होती. दोन महिने त्याला रात्री फोन करून विचारत होतो, आणि तो बिचारा उचलायचा. त्यानंतर एका फाईलला किमान दोघांचे हात लागल्याशिवाय आम्ही ते काम 'झालं'त सरकवत नाही. व्याज, कपात, वजन, या तीन ठिकाणी आपोआप चालणाऱ्या चाचण्याही लिहा. बाकी पडद्यांना नसल्या तरी चालेल.

लाईट आणि इंटरनेट हे तुमच्या पत्रात दोनदा आलंय. गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर, इंटरनेट नसताना मशीनवरच चालतं, त्यामुळे काम थांबायला नको. धोका वेगळा: दोन दिवस नेट नसलं की पाच जणांचे पाच वेगळे कोड तयार होतात आणि तिसऱ्या दिवशी जुळवताना भांडणं. आम्ही ऑफिसातल्याच एका जुन्या मशीनला सर्व्हर केलं, इन्व्हर्टरवर. बाहेरचं नेट गेलं तरी आपसात रोज संध्याकाळी कोड एकत्र होतो.

मागे वळून बघायची बैठक, जिला रेट्रो म्हणतात, ती तुम्ही बंद केली कारण कोणी बोलत नाही. तुम्ही मालक, वयाने मोठे, पगार तुमच्या हातात. तुमच्या तोंडावर 'भाऊ, तुम्ही मधातच काम घुसवता' कोण म्हणेल? मी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास बाहेर चहाला जातो. ते चौघं चिठ्ठ्या लिहितात, सगळ्यात लहान सगळ्यांच्या वाचून दाखवतो, आणि बदलायची एकच गोष्ट बोर्डाच्या कोपऱ्यात लिहितात. मी आल्यावर ती वाचतो, वाद घालत नाही. पहिल्या सहा चिठ्ठ्यांपैकी चार माझ्याविषयी होत्या.

सर्टिफिकेटचे पैसे ठेवा. सरकारी टेंडरमध्ये मागितलं तर करा, एरवी त्या पैशात इन्व्हर्टरची बॅटरी येते. जिरा दहा जणांपर्यंत फुकट आहे, त्यामुळे घ्यायचं-न घ्यायचं हा पैशाचा प्रश्न नाही. पण आता घेऊ नका. तीन महिने भिंतीवरचा बोर्ड वापरा, कारण काट्यावरून आलेला माणूस आणि चहा घेऊन आलेला पोरगासुद्धा तो वाचू शकतो. रोज संध्याकाळी बोर्डाचा एक फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक कार्डावर घेतल्याची नि संपल्याची तारीख लिहा. दसऱ्याच्या आधी तारखांसकट तेवढी कार्डं मला पाठवा, मग 'चालू'चे पाच ठेवायचे की चार करायचे ते आपण दोघं मिळून बघू.